पाचवी ते आठवीच्या मुलांनी खरोखर संपवलेली पुस्तकं आणि मनापासून पाहिलेले सिनेमे

सायली_चिंचवड

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या क्लबरूममध्ये गेल्या जूनपासून दर शनिवारी संध्याकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. पाचवी ते आठवीची चौदा मुलं येतात, त्यातली दहा इंग्रजी माध्यमाची. घरी सगळे मराठीच बोलतात, पण छापील मराठी समोर आलं की जोडाक्षरापाशी अडखळतात.

अडचण अशी की ज्या पुस्तकातलं मराठी त्यांना सहज वाचता येतं, त्यात ससा, कासव आणि राजाराणी असतात. बारा वर्षांच्या मुलीला ते चारचौघांत हातात धरायचीही लाज वाटते. आणि जे तिच्या मनाला भिडेल त्याची पानं दाट, टाइप बारीक. डोकं आठवीतलं आणि वाचन तिसरीतलं, या दोन्हींच्या मधलं पुस्तक शोधण्यात माझं वर्ष गेलं.

काही गोष्टी मात्र लागू पडल्या. पहिली म्हणजे सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलुदा. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढलेत. पुस्तकं आटोपशीर आहेत, आणि गोष्ट सांगणारा तोपशे हा मुलांच्याच वयाच्या आसपासचा. मी एक युक्ती केली. पहिली वीस पानं मी मोठ्याने वाचायची आणि नेमकं कोणीतरी दार ठोठावतं तिथे पुस्तक मिटायचं. पुस्तक टेबलावर ठेवून मी चहा करायला जायची. परत येईपर्यंत दोघं-तिघं त्यावर वाकलेले असायचे. जैसलमेरच्या किल्ल्याची गोष्ट अशी संपली, आणि मग राय यांनीच 1974 साली केलेला 'सोनार केल्ला' आम्ही उपशीर्षकं लावून पाहिला. जुना सिनेमा, बंगाली भाषा, तरी एकही मूल उठलं नाही. वाचताना डोळ्यांपुढे आलेला जटायू (फेलुदासोबत फिरणारा रहस्यकथालेखक) आणि पडद्यावरचा जटायू यावर मुलं नंतर अर्धा तास भांडली.

दुसरा 'किल्ला' हा सिनेमा, अविनाश अरुण यांचा. त्यावर खाली सविस्तर लिहीन.

तुम्हाला एकच विनंती आहे. आपल्या लहानपणीच्या आवडत्या पुस्तकांची यादी नको. तुमच्या घरातल्या किंवा वर्गातल्या मुलाने खरोखर संपवलेलं पुस्तक सांगा, आणि ते कसं संपलं तेही सांगा.

भुदरगडचा_मास्तर

सायलीताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. आमच्या मुलांचं मराठी वाचन बरं आहे, आमच्याकडे वानवा पुस्तकांची.

तुम्ही लहानपणीची यादी नको म्हणालात, तरी 'श्यामची आई'बद्दल लिहितो, कारण ते यंदा वर्गात चाललं. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं हे मुलांना माहीत असतं, परीक्षेत विचारतात म्हणून. पण पहिल्या रात्रीपासून, म्हणजे पहिल्या प्रकरणापासून, क्रमाने वाचायला घेतलं की मुलं मिटून जातात. आपण ते संस्कारांचं पुस्तक म्हणून हातात देतो, आणि हे चांगलं वागण्याचं औषध आहे हे मुलांना लगेच कळतं. म्हणून मी मधूनच सुरुवात केली, 'श्यामचे पोहणे' आणि 'पत्रावळ' या दोन प्रकरणांपासून. पाण्याला घाबरून लपून बसणारा श्याम आणि पत्रावळ लावता येत नाही म्हणून बोलणी खाणारा श्याम, हा मुलांना आपल्यातला वाटला.

'पत्रावळ' वाचून झालं तशी एक मुलगी म्हणाली, माझ्या आजीला येते. दुसऱ्या दिवशी आजी शाळेत आल्या. मुलांनी वडाची पानं धुऊन आणली होती, आजींनी काड्यांची जुडी आणली होती. मधे मोठं पान पालथं, त्यावर कडेने एकेक पान, दोन पानांच्या जोडावर काडी खुपसून वर काढायची आणि टोक मोडायचं. दिसायला सोपं, पण पान चिरतं. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाची चार पानं फाटली आणि कधी उत्तर न देणाऱ्या एका पोराची पत्रावळ पहिल्याच फटक्यात गोल उतरली. त्या दिवशीची खिचडी सगळ्यांनी पत्रावळीवर खाल्ली. त्या पोराने नंतर पुस्तक घरी मागून नेलं. पंधरा दिवस ठेवलं. परत आणलं तेव्हा पानं कोपऱ्यात दुमडलेली होती, मी काही बोललो नाही.

आचार्य अत्र्यांचा 1953 चा सिनेमा मी पूर्ण दाखवत नाही, तुकड्या-तुकड्यांनी दाखवतो. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं हे सांगितलं की मुलं सावरून बसतात.

अनघा_म

वाचनखूण साठवली आहे. माझा लेक सहावीत आहे. इंग्रजीत जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत फस्त करतो, मराठी पुस्तक दिलं की 'आई, हे बोअर आहे.' फास्टर फेणे आणून दिला, दहा पानांत बाजूला ठेवला. मला खरंच वाईट वाटलं. माझं आणि माझ्या वडिलांचं ते आवडतं पुस्तक. काय करावं?

कृष्णाकाठ

अनघाताई, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पुतणीचंही असंच झालं होतं. भा. रा. भागवतांच्या बन्याची, म्हणजे फास्टर फेणेची, मजा त्याच्या वेगात आहे, आणि मुलं अडखळत वाचत असली की नेमका वेगच हरवतो. तिला मी ते रोज रात्री वाचून दाखवलं. बन्याचं ते 'ट्टॉक्' आलं की तो आवाज तिने काढायचा, असं ठरलं होतं. तिसऱ्या रात्रीपासून ती पुढची ओळ माझ्या आधी वाचायला लागली, ट्टॉक् कुठे येतंय ते बघायला.

2017 चा 'फास्टर फेणे' सिनेमा दाखवायचा तर एक लक्षात घ्या. त्यातला बन्या मोठा झालेला आहे आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्याच्या मागे लागतो. त्यात खून आहे, थरार आहे. पाचवीच्या मुलाला जड जाईल, आठवीच्या मुलाला आवडेल. भा. रा. भागवत त्यात एक पात्र म्हणून येतात आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आहे. तेच प्रभावळकर 'बोक्या सातबंडे'चे लेखक. हे सांगितल्यावर पुतणीने बोक्या स्वतःहून मागितला, आणि बोक्याचं मराठी खूप सोपं आहे. अनघाताई, तुम्ही बोक्यापासून सुरुवात करा, फेणे नंतर येऊ द्या.

अनघा_म

मनापासून आभार. आजच मागवते.

मिहीर_न्यूजर्सी

सायली, 'डोकं आठवीतलं, वाचन तिसरीतलं' हे वाक्य वाचून थांबलो. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं हीच परिस्थिती आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना आम्ही 'हा कमल आहे' छापाची वाक्यं वाचायला देतो आणि ती येईनाशी होतात. त्यांची चूक नाही.

आम्ही क्रम उलटा केला. आधी सिनेमा, मग त्यावर मराठीत बोलणं, मग वाचन. दोन सिनेमे विशेष चालले. एक 'एलिझाबेथ एकादशी'. पंढरपूर, यात्रा, बँकेने जप्त केलेलं आईचं विणकामाचं यंत्र, आणि एलिझाबेथ नावाची सायकल विकली जाऊ नये म्हणून धडपडणारी भावंडं. आमच्या मुलांनी पंढरपूर पाहिलेलं नाही, पण घरात पैशाची ओढाताण असताना मोठी माणसं कुजबुजत बोलतात, हे कुठल्याही देशातल्या मुलाला कळतं. यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडायची वेळ येते तेव्हा आमच्याकडच्या एका मुलीने विचारलं, 'तिला लाज का वाटते? विकणं वाईट आहे का?' त्यावर अख्खा तास गेला, आणि पूर्ण मराठीत गेला.

दुसरा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', परेश मोकाशींचाच. घरातलं सामान विकून, बायकोमुलांना कामाला जुंपून दादासाहेब फाळके 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणतात ती सगळी धमाल. भांडवल उभं करायला त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरून त्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं चित्रित करून दाखवलं होतं. आमच्या मुलांनी तो प्रयोग खिडकीत मोबाइल उभा करून केला आणि रोजची नोंद मराठीत लिहिली. 'आज काही झालं नाही' हे वाक्य पाच दिवस आलं, सहाव्या दिवशी 'आज मान वर काढली'. मान वर काढणं हा शब्दप्रयोग त्या मुलाला आम्ही शिकवला नव्हता, तो आजीशी फोनवर बोलताना मिळाला.

परदेशातल्यांसाठी अजून एक सांगतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 साली सुरू झालं. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. गोष्टी छोट्या, चित्रं सुंदर. पोस्टाचा खर्च नाही, वाट बघणं नाही.

आकाशवेडा

अजून नारळीकरांचं नाव कसं आलं नाही? जयंत नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले, त्या आठवड्यात मी शाळेतल्या विज्ञान मंडळात 'यक्षांची देणगी' काढलं. आधी मुलांना त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिगत सांगितली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. आपल्या नावामुळे बक्षीस मिळालं असं होऊ नये म्हणून हे केलं, आणि पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं. सातवीच्या मुलांना हा प्रामाणिकपणा फार भावतो. लगेच सगळ्यांनी आपापली नावं उलटी करून बघितली.

मग 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचली. क्रिकेट आहे म्हणून मुलगे लगेच सरसावले. गोष्ट फोडत नाही, पण डावं-उजवं उलटं होणं हा तिचा गाभा आहे. ते समजवायला मी वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद लांब पट्टी कापली, एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि दोन्ही टोकं डिंकाने चिकटवली. ही मोबियसची पट्टी. एका मुलीला म्हटलं, पेन न उचलता मधोमध रेघ मार. ती मारत गेली, मारत गेली, आणि रेघ जिथून निघाली तिथेच परत आली. पट्टी उघडून पाहिली तर दोन्ही बाजूंना रेघ! मग विचारलं, या रेघेवरून कात्री चालवली तर काय होईल? सगळे म्हणाले दोन कड्या होतील. तिने कापलं. एकच मोठी कडी झाली. वर्गात क्षणभर कोणी बोललंच नाही. मग पंचवीस मुलांनी पंचवीस पट्ट्या केल्या आणि फरशी कागदाच्या कपट्यांनी भरून गेली.

पुस्तकाच्या तीन प्रती होत्या, तिन्ही गेल्या. त्या अजून फिरताहेत. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मात्र आठवीच्या आधी देऊ नये असं माझं मत आहे. पानिपतचा इतिहास नीट माहीत नसेल तर तो वेगळा घडला असता यातली गंमत निसटते.

बेळगावचा_मोगरा

आकाशवेडा, पट्टीची कल्पना घेतली आहे.

माझी शिफारस लंपनची. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा, आणि आमच्या सीमाभागातलं, कानडीच्या शेजारी वाढलेलं मराठी. तो प्रत्येक गोष्टीला 'मॅडसारखं' म्हणतो. अनेक जण हे मोठ्यांचं पुस्तक आहे असं म्हणतात. मी तसं मानत नाही. एका बैठकीत एकच कथा, आणि ती मोठ्याने वाचलेली, असं केलं तर सातवीचं मूल रमतं. माझ्या भाच्याला लंपन वाचून पहिल्यांदा कळलं की आपल्या मनात एकाच वेळी दहा विचार येतात ते इतरांच्याही येतात. त्याने मला विचारलं, 'मावशी, हे सगळ्यांना होतं का?' मी म्हटलं, हो. तो काही बोलला नाही, पुस्तक घेऊन माडीवर गेला.

रेवा_ठाणे

धागा उत्तम चालला आहे. एक वेगळं मत मांडते. आमच्या शाळेत आठवीला नागराज मंजुळेंचा जातिभेदावरचा सिनेमा 'फँड्री' दाखवला. माझी मुलगी घरी आली ती गप्प होती. रात्री रडली. मला वाटतं तेराव्या वर्षी हे फार जड आहे. आधी पालकांना विचारायला हवं होतं.

भुदरगडचा_मास्तर

रेवाताई, पालकांना आधी सांगायला हवं होतं हे पूर्ण मान्य. सिनेमा न सांगता लावून मुलांना तसंच घरी पाठवणं बरोबर नाही.

पण दाखवू नये असं मला वाटत नाही. माझ्या वर्गात 'फँड्री'तल्या जब्यासारखी मुलं बसतात. त्यांना तेराव्या वर्षी नाही, सहाव्या वर्षापासून ते जड आहे. शाळेजवळ डुकराच्या मागे धावताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी थांबतं, तो प्रसंग पाहताना माझा एक विद्यार्थी बाकावरून उठून उभा राहिला. वर्गात. बाकीचेही मग उभे राहिले. सिनेमा संपल्यावर मी काहीच समजावलं नाही. मुलांना म्हटलं, जब्याने फेकलेला शेवटचा दगड कोणाला लागला ते वहीत लिहा, नाव नको. जे लिहून आलं ते मी इथे देणार नाही, ते त्यांचं आहे. पण पुढच्या आठवड्यात डबा खाताना बसण्याच्या जागा बदललेल्या होत्या.

आपली लेक रडली म्हणजे तिला ते पोचलं. तिच्याशी बोला. तिला एकटं वाटू देऊ नका, एवढंच.

रेवा_ठाणे

गुरुजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आज रात्री तिच्याशी बोलते.

कृष्णाकाठ

जड विषयाचं निघालंच आहे तर 'टिंग्या' सुचवतो. मंगेश हाडवळेंचा, 2008 चा. जुन्नर भागातलं गाव, जायबंदी झालेला चितंग्या बैल, आणि तो कसायाला विकू नये म्हणून हट्ट धरून बसलेला पोरगा. त्यात बाप वाईट नाही. त्याच्यापुढे इलाज नाही, एवढंच. मुलांना हे पहिल्यांदाच दिसतं की कोणीही दुष्ट नसताना वाईट घडू शकतं. पाचवीपासून दाखवायला हरकत नाही, पण सोबत बसा.

पुस्तकांत प्राणी आवडणाऱ्यांना विलास मनोहर यांचं 'नेगल' द्या. हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडे वाढलेली जंगली जनावरं, बिबट्यासकट. आमच्याकडे हे पुस्तक इतकं हाताळलं गेलं की मलपृष्ठ सुटलं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' वानरांच्या टोळ्यांवरचं आहे, छोटंसं आहे, पण त्यातली हिंसा अंगावर येते, म्हणून आठवी-नववीला.

अनघा_म

'एक होता कार्व्हर' चालेल का सहावीला? आणि 'तोत्तोचान'?

सायली_चिंचवड

अनघा, दोन्ही चालतात, पण वेगळ्या मुलांना. वीणा गवाणकरांचं 'कार्व्हर', म्हणजे भुईमुगावर प्रयोग करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञाचं चरित्र, ज्यांना काहीतरी करून बघायची खोड आहे त्यांना लगेच आवडतं. आमच्याकडे एकाने भुईमूग कुंडीत लावला. 'तोत्तोचान' मात्र शाळेत सारखी बोलणी खाणाऱ्या मुलाच्या हातात द्यावं. रेल्वेच्या डब्यांत भरणारी जपानमधली शाळा, आणि एका लहान मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. आमच्या कट्ट्यावर ते वाचून एका मुलाने विचारलं, 'ही शाळा कुठे आहे?' ती 1945 साली बॉम्बहल्ल्यात जळाली हे सांगताना माझाच आवाज अडकला.

आता 'किल्ल्या'बद्दल, कबूल केलं होतं म्हणून. वडील गेलेत, आईची बदली कोकणात, आणि पुण्याहून आलेला चिन्मय नव्या शाळेत एकटा. 2014 साली बर्लिन महोत्सवात या सिनेमाला क्रिस्टल बेअर मिळालं, ते बालपरीक्षकांनी दिलेलं. म्हणजे साधारण याच वयाच्या, मराठीचा एक शब्दही न येणाऱ्या मुलांनी तो निवडला.

आमच्याकडे तो पाहताना एक गोष्ट घडली. किल्ल्यावर पाऊस कोसळतो, मित्र निघून गेलेत आणि चिन्मय एकटा हाका मारतोय, तिथे आमच्या कट्ट्यावरची नवी मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. ती गेल्या मे महिन्यात लातूरहून आली आहे. तोवर चार महिन्यांत ती स्वतःहून एक वाक्य बोलली नव्हती. सिनेमा संपल्यावर म्हणाली, 'तो बंड्याशी (त्याला किल्ल्यावर सोडून गेलेल्या मित्राशी) परत बोलतो ते मला नाही पटलं. मी नसते बोलले.' झालं, वादाला तोंड फुटलं. बंड्याच्या बाजूने सहा, तिच्या बाजूने पाच, तिघं काठावर. ती एकटी सहा जणांशी अर्धा तास भांडली. जाताना विचारलं, असं एकटं पडलेल्या मुलाचं पुस्तक आहे का?

मोगराताई, तुमचा लंपन तिला दिला आहे. पहिली कथा आम्ही दोघींनी मिळून वाचली, पायरीवर बसून, तिने एक पान, मी एक पान. काल तिच्या आईचा निरोप आला की पुस्तक अजून दोन आठवडे ठेवलं तर चालेल का, कारण आता आईही वाचते आहे.

येत्या शनिवारी 'टिंग्या' लावते आहे. कृष्णाकाठ, तुम्ही सोबत बसा म्हणालात, तर दोन पालकांना बोलावलं आहे. गुरुजी, तुमच्या वर्गाने तो पाहिला असेल तर मुलं कुठे थांबली, काय विचारलं, ते शुक्रवारपर्यंत कळवाल का?